श्वसनमार्गाचे संरक्षक प्रथिन-निरोधक

श्वसनमार्ग व फुप्फुसे यांच्या ऊतकांचे (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या म्हणजे पेशींच्या समूहांचे) प्रथिनविघटक एंझाइमांपासून (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांपासून) रक्षण करणाऱ्या प्रथिनांचा गट. यांत आल्फा-१ अँटिट्रिप्सीन हे सर्वांत महत्त्वाचे असून ते यकृतात तयार होते व रक्तावाटे फुप्फुसांत पोहोचते. श्वासनलिकांच्या अस्तरात व ग्रंथींत तयार होणारे स्रावी श्वेतकोशिका-प्रथिनभंजक निरोधक आणि एलाफिन ही या गटातील इतर प्रमुख प्रथिने होत. ही प्रथिने शरीरात आहेत हे कळण्यापेक्षा ती नसल्यास काय घडते हे कळल्यामुळेच त्यांच्या कार्याचा उलगडा झाला. त्यामुळे त्यांचा इतिहास हा बऱ्याच अंशी एका अभावाच्या शोधाचा इतिहास आहे.

स्वरूप व कार्य : श्वासाबरोबर धूळ, धूर व सूक्ष्मजंतू सतत आत जात असतात. त्यांचा प्रतिकार करण्यासाठी न्यूट्रोफिल नावाच्या श्वेत कोशिका रक्तातून फुप्फुसांत येतात. त्यांच्यातील कणांत इलॅस्टेज, कॅथेप्सीन-जी इ. प्रभावी एंझाइमे साठविलेली असतात. सूक्ष्मजंतूंचा नाश व मृत ऊतकांची विल्हेवाट हे त्यांचे काम होय. परंतु ही एंझाइमे शत्रू व स्वकीय असा भेद करीत नाहीत. वायुकोशांच्या भिंतींत इलॅस्टिन या प्रथिनाचे तंतू असतात व त्यांच्यामुळेच फुगलेले फुप्फुस उच्छ्वासाच्या वेळी पूर्ववत आकुंचन पावते. हे तंतू मुख्यतः वाढीच्या वयात तयार होतात. प्रौढपणी ते नष्ट झाल्यास त्यांची जागा भरून निघत नाही. वायुकोशांच्या भिंती अशा रीतीने नष्ट होऊन हवेच्या मोठ्या पोकळ्या निर्माण होणे, या विकृतीस वातस्फीती म्हणतात. तीमध्ये रुग्णास श्वास घेण्यापेक्षा तो सोडणे अधिक कष्टाचे होते.

निरोधक प्रथिने मोकळ्या एंझाइमांच्या रेणूंना बांधून निष्क्रिय करतात. रक्तातील आल्फा-२ मॅक्रोग्लोब्युलीन हेही प्रभावी निरोधक आहे. परंतु त्याचा रेणुभार सुमारे ७,२५,००० असल्याने ते केशवाहिन्यांच्या भिंतीतून सहजासहजी बाहेर पडू शकत नाही. आल्फा-१ अँटिट्रिप्सिनाचा रेणुभार सुमारे ५२,००० असल्याने ते वायुकोशांपर्यंत झिरपते. यामुळे वायुकोशांच्या संरक्षणाचा मुख्य भार त्याच्यावर पडतो. निरोगी प्रौढाचे यकृत ते दररोज सुमारे २ ग्रॅम तयार करते व रक्तातील त्याचे अर्धायुष्य चार ते पाच दिवस असते.

पूर्वेतिहास : रक्तरसामुळे (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवामुळे) ट्रिप्सीन या पाचक एंझाइमाची क्रिया रोखली जाते, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच लक्षात आले होते. परंतु हा गुणधर्म रक्तातील कोणत्या घटकाचा आहे हे ठरविण्याचे साधन त्या काळी उपलब्ध नव्हते. स्वीडनमधील उप्साला येथे आर्ने टिसेलियस यांनी १९३० नंतरच्या दशकात विद्युत् संचारणाची पद्धत (विद्युत् क्षेत्रात प्रथिनांच्या गतीतील फरकावरून ती वेगळी करण्याची पद्धत) विकसित केली. रक्तरसातील प्रथिनांचे अल्ब्युमीन आणि आल्फा, बीटा व गॅमा ग्लोब्युलिने असे वर्गीकरण तिच्यामुळे शक्य झाले. या कार्यासाठी टिसेलियस यांना १९४८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे गाळण कागदाच्या पट्टीवर हीच परीक्षा करता येऊ लागली व ती रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत नित्याची झाली.

रक्तरसातील ट्रिप्सीन-निरोधक क्रियेचा बहुतांश भाग आल्फा-१ गटात असतो, असे १९५५ मध्ये दाखविण्यात आले. जर्मनीतील हेर्मान शुल्ट्झ व त्यांचे सहकारी यांनी या गटातील एक ग्लायकोप्रथिन (शर्करायुक्त प्रथिन) वेगळे केले होते. ट्रिप्सीनरोधक प्रथिन ते हेच, असे आढळून आल्यावर १९६२ मध्ये त्यांनी त्याला आल्फा-१ अँटिट्रिप्सीन हे नाव दिले. ट्रिप्सीन हे आतड्यातील पचनाचे एंझाइम असल्याने या नावावरून या प्रथिनाचा फुप्फुसाशी काही संबंध असेल अशी कल्पनाही येत नाही. त्याचे खरे लक्ष्य न्यूट्रोफिल कोशिकांतील इलॅस्टेज आहे, हे नंतर कळले. त्यामुळे आल्फा-१ प्रथिनभंजक निरोधक हे नाव सुचविण्यात आले. तथापि जुने नावच रूढ राहिले.

माल्मो येथील शोध : कार्ल-बर्टिल लॉरेल हे स्वीडनमधील माल्मो येथील रुग्णालयाच्या जीवरसायन प्रयोगशाळेचे प्रमुख होते. तेथे नित्य तपासणीसाठी येणाऱ्या सुमारे १,५०० रक्तरसांच्या विद्युत् संचारण पट्ट्या पाहत असताना पाच पट्ट्यांवर आल्फा-१ चा पट्टा जवळजवळ दिसत नाही, असे त्यांना आढळले. हा पट्टा मुळातच फिकट असतो. त्यामुळे तो नसणे ही प्रयोगातील चूक म्हणून सोडून देणे सहज शक्य होते. लॉरेल यांनी स्टेन एरिक्सन या तरुण वैद्याला या पाच व्यक्तींचा तपास करण्यास सांगितले. त्यांपैकी तिघांना तुलनेने कमी वयातच तीव्र वातस्फीती झाल्याचे एरिक्सन यांना आढळले व एका कुटुंबात हा रोग पूर्वीही झाल्याचे दिसून आले. या दोघांचा संक्षिप्त निबंध १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. ही न्यूनता आनुवंशिक असल्याचे एरिक्सन यांनी १९६५ मधील आपल्या प्रबंधात सविस्तर मांडले.

या निबंधाचे महत्त्व दुहेरी होते. वातस्फीती ही तोपर्यंत वय, जुना खोकला आणि वायुकोशांवरील ताण यांचा परिणाम मानली जात असे. एका विशिष्ट प्रथिनाच्या अभावाने ती होऊ शकते, हे प्रथमच दिसले. तसेच, निरोधक नसल्यास फुप्फुस नष्ट होते, यावरून निरोगी फुप्फुसातही एखादे विघटक एंझाइम सतत कार्यरत असले पाहिजे, असा निष्कर्ष निघत होता. ते एंझाइम कोणते, हा पुढील संशोधनाचा विषय ठरला.

एंझाइम व निरोधक यांचा समतोल : अमेरिकेत पिट्सबर्ग येथे पॉल ग्रॉस व त्यांचे सहकारी सिलिकेच्या धुळीचा फुप्फुसांवरील परिणाम अभ्यासीत होते. त्यांनी पपईच्या चिकातील पपेन हे प्रथिनविघटक एंझाइम उंदरांच्या श्वासनालात सोडले असता वातस्फीतीसारखी विकृती निर्माण झाली. या प्रयोगांचे निष्कर्ष १९६४-६५ मध्ये प्रसिद्ध झाले. माल्मो येथील निरीक्षणाशी त्यांचा पूर्वनियोजित संबंध नव्हता. परंतु एकीकडे निरोधकाचा अभाव व दुसरीकडे एंझाइमाचे आधिक्य यांचा परिणाम एकच होतो, हे या दोहोंवरून स्पष्ट झाले.

आरन जॅनॉफ यांनी १९६८ मध्ये मानवी न्यूट्रोफिल कोशिकांच्या कणांत इलॅस्टिनाचे विघटन करणारे एंझाइम असल्याचे दाखविले. यातून ‘प्रथिनभंजक-निरोधक समतोल’ ही उपपत्ती आकारास आली. तिच्यानुसार फुप्फुसाचे स्वास्थ्य हे विघटक एंझाइमे व त्यांचे निरोधक यांच्या समतोलावर अवलंबून असते. एंझाइमे वाढली वा निरोधक घटले की, भिंतींची झीज सुरू होते.

आनुवंशिक प्रकार : नॉर्वेतील माग्ने फागेरहोल आणि लॉरेल यांनी १९६७ मध्ये या प्रथिनाचे अनेक आनुवंशिक प्रकार असल्याचे दाखविले व त्यांना विद्युत् क्षेत्रातील गतीनुसार अक्षरे दिली. मध्यम गतीचा तो एम, मंद गतीचा एस व अतिमंद गतीचा झेड होय. बहुसंख्य लोकांत एम प्रकार आढळतो. आई व वडील या दोघांकडूनही झेड जीन (आनुवंशिक घटक) मिळालेल्या व्यक्तीच्या रक्तात या प्रथिनाचे प्रमाण सामान्याच्या १० ते १५ टक्केच असते. झेड प्रकार उत्तर यूरोपीय वंशाच्या लोकांत विशेष आढळतो, तर एस प्रकाराचे प्रमाण स्पेन व पोर्तुगाल येथे अधिक आहे. भारतीयांत झेड प्रकार क्वचितच आढळतो. हा जीन चौदाव्या गुणसूत्रावर असतो.

झेड व एम प्रकारांतील फरक अत्यल्प आहे. प्रथिनाच्या ३९४ ॲमिनो अम्लांच्या साखळीत ३४२ व्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी लायसीन येते, असे १९७६ मध्ये सिद्ध झाले. एका ॲमिनो अम्लाच्या बदलाने रक्तातील प्रथिन इतके कमी का व्हावे, याचे उत्तर मात्र लगेच मिळाले नाही. ते यकृताच्या अभ्यासातून मिळाले.

यकृतातील विकृती : अमेरिकेतील हार्व्ही शार्प व त्यांचे सहकारी यांनी १९६९ मध्ये ही न्यूनता असलेल्या मुलांत यकृताचा सूत्रण रोग (यकृत कठीण व तंतुमय होण्याचा रोग) होत असल्याचे दाखविले. अशा यकृताच्या कोशिकांत प्रथिनाचे गोळे साठलेले दिसतात. म्हणजे झेड प्रथिन तयार होते. पण ते कोशिकेबाहेर पडत नाही. केंब्रिज येथील डेव्हिड लोमस, रॉबिन कॅरेल व त्यांचे सहकारी यांनी १९९२ मध्ये याची कारणमीमांसा केली. झेड रेणूची घडी अस्थिर असल्याने एका रेणूचा लोंबता पाश शेजारच्या रेणूच्या फटीत अडकतो व अशा रेणूंच्या लांब साखळ्या बनतात. याप्रमाणे एकच दोष दोन इंद्रियांना वेगवेगळ्या रीतींनी अपाय करतो : यकृताला प्रथिनाच्या साठ्यामुळे आणि फुप्फुसाला त्याच्या अभावामुळे.

निरोधनाची यंत्रणा : या प्रथिनाच्या रेणूवर एक ताणलेला पाश असतो व त्यात ३५८ व्या स्थानी मिथिओनीन हे ॲमिनो अम्ल असते. इलॅस्टेज या आमिषाला बळी पडून पाश तोडू लागते. त्याच क्षणी पाश सुटून रेणूच्या गाभ्यात शिरतो आणि त्याला चिकटलेले इलॅस्टेज सुमारे ७० अँगस्ट्रॉम (१ अँगस्ट्रॉम म्हणजे सेंमी.चा दहा कोटीवा भाग) अंतर फेकले जाऊन दुसऱ्या टोकाला चिरडले जाते. या क्रियेची तुलना उंदराच्या सापळ्याशी करतात. सापळा एकदाच वापरता येतो. एका एंझाइम रेणूसाठी निरोधकाचा एक रेणू खर्ची पडतो. रॉबर्ट ह्यूबर व त्यांचे जर्मनीतील सहकारी यांनी पाश तुटलेल्या रेणूची क्ष-किरण संरचना १९८४ मध्ये प्रसिद्ध केली आणि एंझाइम व निरोधक यांच्या जोडरेणूची संरचना केंब्रिज येथील संशोधकांनी २००० मध्ये निश्चित केली. अशा यंत्रणेने कार्य करणाऱ्या प्रथिनांचे एक मोठे कुल असून कॅरेल व जेम्स ट्रॅव्हिस यांनी १९८५ मध्ये त्याला ‘सर्पिन’ हे नाव दिले.

पाशातील ३५८ व्या स्थानाचे महत्त्व एका दुर्मिळ रुग्णामुळे स्पष्ट झाले. पिट्सबर्ग येथील एका चौदा वर्षांच्या मुलाचा अनावर रक्तस्रावाने मृत्यू झाला. त्याच्या प्रथिनात या स्थानी मिथिओनिनाऐवजी आर्जिनीन होते. तेवढ्या बदलामुळे इलॅस्टेजाला रोखणारे प्रथिन रक्त गोठविणाऱ्या थ्रॉम्बिनाला रोखू लागले होते. याचा वृत्तांत १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला.

धूम्रपानाचा परिणाम : मिथिओनीन हे ॲमिनो अम्ल सहज ऑक्सिडीभूत होते. ट्रॅव्हिस व त्यांचे सहकारी यांनी १९७८-७९ मध्ये असे दाखविले की, पाशातील मिथिओनिनाचे ऑक्सिडीभवन झाल्यास निरोधकाची इलॅस्टेजावरील पकड फार सैल होते. सिगारेटच्या ताज्या धुराने रक्तरसाची इलॅस्टेज-निरोधक क्षमता घटते, हे जॅनॉफ व त्यांच्या सहकाऱ्याने १९७८ मध्ये परीक्षानळीत दाखविले होते. धुरामुळे न्यूट्रोफिल कोशिकाही मोठ्या संख्येने फुप्फुसात येतात. म्हणजे धूर एकीकडे हल्लेखोरांची संख्या वाढवितो व दुसरीकडे संरक्षकाला निःशस्त्र करतो. जन्मतःच हा संरक्षक अत्यल्प असलेल्या व्यक्तीत याचा परिणाम तीव्र होतो. अशा धूम्रपींना चाळिशीच्या आसपास वा त्याआधीच धाप लागू लागते. याउलट धूम्रपान न करणाऱ्या अनेकांत लक्षणे बऱ्याच उशिरा दिसतात व काहींना ती आयुष्यभर जाणवतही नाहीत. न्यूनतेच्या रुग्णांत फुप्फुसाचा खालचा भाग अधिक बिघडतो, तर सामान्य धूम्रपींत वरचा भाग अधिक बिघडतो.

श्वासनलिकांतील स्थानिक निरोधक : वायुकोशांचे रक्षण मुख्यतः रक्तातून आलेले प्रथिन करीत असले, तरी मोठ्या श्वासनलिकांत स्थानिक निरोधक अधिक महत्त्वाचे असतात. श्वासनलिकांच्या स्रावात एक आम्लाने नष्ट न होणारा लहान निरोधक असल्याचे १९७० नंतरच्या दशकात जर्मनीतील संशोधकांनी दाखविले. हाच स्रावी श्वेतकोशिका-प्रथिनभंजक निरोधक होय. लाळेतून मिळविलेल्या याच प्रथिनाची १०७ ॲमिनो अम्लांची साखळी १९८६ मध्ये निश्चित झाली. श्वासनलिकांतील ग्रंथी व अस्तरातील कोशिका ते तयार करतात. एलाफिन हे ५७ ॲमिनो अम्लांचे प्रथिन १९९० मध्ये सोरियासिस या रोगाने बाधित झालेल्या त्वचेतून मिळाले. त्याच सुमारास ते श्वासनलिकांच्या स्रावातही असल्याचे आढळले. ही दोन्ही प्रथिने सूक्ष्मजंतूंनाही काही प्रमाणात विरोध करतात.

सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगात श्वासनलिकांतील चिकट स्राव व सततचे जंतुसंसर्ग यांमुळे न्यूट्रोफिल कोशिकांची प्रचंड गर्दी होते. तेथे निरोधक मुळात कमी नसतात. परंतु इलॅस्टेज इतके मुक्त होते की, ते सर्व निरोधकांना पुरून उरते. यावर आल्फा-१ अँटिट्रिप्सीन फवाऱ्याच्या रूपात देण्याचे प्रयोग १९९० नंतरच्या दशकाच्या आरंभी झाले. त्यांत इलॅस्टेजाची क्रिया मंदावल्याचे दिसले. मात्र हा उपचार सर्वमान्य होऊ शकला नाही.

उपपत्तीच्या मर्यादा : बहुतेक वातस्फीती रुग्णांत आल्फा-१ अँटिट्रिप्सिनाचे प्रमाण सामान्यच असते. १९९७ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत महाभक्षिकोशिकांतील (मोठ्या भक्षक कोशिकांतील) एक धातुयुक्त इलॅस्टेज नसलेल्या उंदरांना सिगारेटच्या धुरानेही वातस्फीती झाली नाही. या एंझाइमावर आल्फा-१ अँटिट्रिप्सिनाचा प्रभाव पडत नाही. यावरून एकच एंझाइम व एकच निरोधक असे चित्र अपुरे असल्याचे सिद्ध झाले. शिवाय दीर्घकालीन श्वसनरोधाचे सर्व रुग्ण धूम्रपी नसतात. पुणे येथील संदीप साळवी व लंडन येथील पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये घेतलेल्या आढाव्यात जगातील अशा रुग्णांपैकी २५ ते ४५ टक्के रुग्णांनी कधीच धूम्रपान केलेले नसल्याचे म्हटले आहे. चुलीत लाकूड व शेण्या जाळल्याने होणारा घरातील धूर हे त्याचे एक प्रमुख कारण होय. भारतात आनुवंशिक न्यूनतेपेक्षा या कारणाचे महत्त्व अधिक आहे.

उपचार : रक्तदात्यांच्या रक्तद्रवापासून शुद्ध केलेले आल्फा-१ अँटिट्रिप्सीन रुग्णांच्या शिरेतून देण्याचे प्रयोग अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रोनाल्ड क्रिस्टल व त्यांचे सहकारी यांनी केले व पहिले निष्कर्ष १९८१ मध्ये प्रसिद्ध केले. आठवड्यातून एकदा, शरीराच्या दर किग्रॅ. वजनास ६० मिग्रॅ. या मात्रेने रक्तातील व फुप्फुसातील पातळी संरक्षक मर्यादेवर राहते, असे आढळले. अमेरिकेत १९८७ मध्ये या औषधाला मान्यता मिळाली. ही मान्यता प्रथिनाची पातळी वाढते या पुराव्यावर दिली गेली. रुग्णाची फुप्फुसे टिकतात किंवा काय, हे तेव्हा सिद्ध झाले नव्हते. रोग दुर्मिळ व सावकाश वाढणारा असल्याने अशी चाचणी घेणे कठीण होते. अखेर १८० रुग्णांच्या एका नियंत्रित चाचणीत फुप्फुसाची घनता घटण्याचा वेग उपचाराने मंदावतो, असे २०१५ मध्ये दिसून आले. मात्र श्वसनक्षमतेच्या नेहमीच्या मापनात फरक आढळला नाही. नष्ट झालेले वायुकोश या उपचाराने परत येत नाहीत. औषध महाग असून ते जन्मभर घ्यावे लागते व ते रक्तदानावर अवलंबून असल्याने त्याचा पुरवठा मर्यादित असतो.

पुरवठ्याची अडचण दूर करण्यासाठी स्कॉटलंडमध्ये जैव तंत्रविद्येचा अवलंब करण्यात आला. तेथे १९९० मध्ये जन्मलेल्या ‘ट्रेसी’ नावाच्या मेंढीत मानवी जीन घालण्यात आला होता. तिच्या दुधात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मानवी आल्फा-१ अँटिट्रिप्सीन मिळत असे. तथापि या मार्गाने औषध बाजारात येऊ शकले नाही व २००३ मध्ये हा प्रकल्प थांबला.

यकृत निकामी झालेल्या रुग्णांत यकृताचे प्रतिरोपण करतात. नवे यकृत सामान्य प्रथिन तयार करीत असल्याने रक्तातील न्यूनताही दूर होते. यकृतातील झेड प्रथिनाची निर्मितीच रोखणाऱ्या आरएनए-आधारित औषधाने १६ रुग्णांच्या यकृतातील साठा कमी झाल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. आनुवंशिक संदेशातील चूक थेट दुरुस्त करण्याच्या पहिल्या मानवी चाचण्यांचे आरंभीचे निष्कर्ष २०२४ व २०२५ मध्ये जाहीर झाले आहेत.

निदान व प्रतिबंध : स्वीडनमध्ये १९७२ ते १९७४ या काळात सुमारे २ लाख नवजात बालकांची तपासणी करण्यात आली. दर सुमारे १,६०० बालकांमागे एकात पूर्ण झेड प्रकार आढळला. टॉमस स्वेगर यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांनुसार अशा १२० बालकांपैकी १४ जणांना दीर्घकाळ टिकणारी कावीळ झाली होती. बाळाच्या दोषाची वार्ता कळल्याने अनेक पालकांना मानसिक त्रास झाला व तपासणी थांबविण्यात आली. परंतु हीच मुले मोठी झाल्यावर वेगळे चित्र दिसले. आपल्या फुप्फुसांना धोका आहे हे लहानपणापासून माहीत असल्याने त्यांच्यात धूम्रपानाचे प्रमाण समवयस्कांपेक्षा कमी होते व तिशीपर्यंत त्यांपैकी बहुतेकांची श्वसनक्षमता सामान्य राहिली. अगोदर सांगण्याने होणारा त्रास व न सांगण्याने होणारी हानी यांतील निवड हा या क्षेत्रातील वादाचा विषय राहिला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ मध्ये दीर्घकालीन श्वसनरोधाच्या रुग्णांची या न्यूनतेसाठी एकदा तपासणी करावी अशी शिफारस केली. ही तपासणी रक्ताच्या अल्प नमुन्यावर होते व आयुष्यात एकदाच करणे पुरेसे असते. तरीही यूरोप व अमेरिकेतील बहुसंख्य न्यूनताग्रस्तांचे निदान होत नाही किंवा धाप लागू लागल्यानंतर कित्येक वर्षांनी होते. कारण लक्षणे सामान्य दम्यासारखी वा जुन्या खोकल्यासारखी वाटतात. निदान झालेल्यांनी धूम्रपान टाळणे, धूळ व धुराच्या व्यवसायांपासून दूर राहणे, जंतुसंसर्गांवर वेळीच उपचार करणे व भावंडांची तपासणी करून घेणे हे उपाय महत्त्वाचे ठरतात. आतापर्यंत ज्ञात असलेल्या उपायांपैकी धूम्रपान न करणे हाच फुप्फुस वाचविण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय होय व तो कोणत्याही औषधाविना करता येतो.